उसनी दाढ

माझे बालपण गिरगावातील ज्या चाळीत गेले, तेथे उसनवारी ही कमीपणाची गोष्ट समजत नसत. वाटीभर साखर, चार चमचे चहापूड, पाहुण्यांसाठी एखादी सतरंजी, सणावारी मोठी परात, असे काही ना काही ह्या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात सदैव फिरत असे. आमच्या आईचा मात्र ह्या बाबतीत एक नियम होता. घरची परात एखाद्या रात्री खरकटी राहिली तर ती चालवून घेई. परंतु उसनी आणलेली परात त्याच रात्री चिंचेने घासून, पुसून, लखलखीत केल्यावाचून ती अंथरुणाला पाठ टेकीत नसे. "आपलं भांडं आपल्याला क्षमा करतं, दुसऱ्याचं करत नाही," असे ती म्हणे. ह्या वाक्याचे मर्म मला तेव्हा उमगले नाही. ते उमगावयास साठी उलटावी लागली, आणि तेही एका दाढेच्या निमित्ताने.

साहित्याला वाहिलेल्या मासिकात दाढेचे पुराण लावणे कित्येकांस रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु चाळिशी ओलांडलेल्या वाचकाने आपली जीभ एकदा आपल्याच दातांवरून फिरवून पाहावी, आणि मग हा विषय आपणांस परका आहे की कसे ते ठरवावे.

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण ज्याने केली त्याने आमच्या वडिलांसच पाहिले असावे. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. तरी पुढे कित्येक वर्षे आमच्यासारख्या घरांतून दंतवैद्य म्हणजे दात उपटणारा मनुष्य एवढीच समजूत होती. हिरडीतून रक्त आले की मीठहळद चोळावी, दात ठणकू लागला की लवंगेच्या तेलाचा बोळा धरावा, आणि फारच हलू लागला की एके दिवशी जाऊन तो काढून घ्यावा. अशा रीतीने पन्नाशीच्या आतच वडिलांचे सगळे दात गेले आणि कवळी आली. १९७१ साली एका लग्नात, जिलबीची फेरी चालू असता, शेजारच्या पाटावरील गृहस्थांशी हसून बोलता बोलता त्यांची खालची कवळी निसटली ती थेट पानात पडली. मोठ्याने कोणी हसले नाही. वडिलांनी ती हळूच रुमालात गुंडाळली, पानाला नमस्कार केला आणि ते उठले. त्यानंतर ते कोणत्याही पंगतीस बसले नाहीत. लग्नाला जात, अहेर करीत, आणि 'मला पथ्य आहे' असे सांगून परत येत. पुढेपुढे तर घरीही ते आम्हा सर्वांच्या आधी एकटेच जेवून घेत. मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो. दात जाणे म्हणजे पंगतीतून उठणे, हे जे त्या दिवशी माझ्या मनात बसले ते कायमचे.

म्हणूनच २०१९ साली माझ्या खालच्या दोन दाढा, एक उजवी व एक डावी, काढाव्या लागल्या तेव्हा माझे धैर्य खचले. पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने ते फोनवरील आवाजावरूनच ओळखले. "बाबा, कवळीचा विचारसुद्धा मनात आणू नका. इम्प्लांट करून घ्या. पैशांचं मी बघते," असे तिने सांगितले, आणि नोकरीत मिळालेल्या पहिल्या मोठ्या बोनसातून तिने ते पैसे खरोखरच पाठविले.

इम्प्लांट म्हणजे टिटॅनियम धातूचे एक लहानसे मळसूत्र. ते जबड्याच्या हाडात बसवितात. काही महिन्यांत हाड त्याच्या आट्यांना घट्ट बिलगते, आणि मग त्यावर दाताच्या आकाराची कॅप चढवितात. हाड आणि टिटॅनियम ह्यांच्या ह्या सख्याचा शोध काहीसा अपघातानेच लागला. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे एक डॉक्टर सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियमचे एक सूक्ष्म उपकरण बसवून हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढू गेले, तो ते निघेचना. हाडाने त्याला आपलेसे केले होते. पुढे १९६५ साली गोस्टा लार्सन ह्या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी अशी मळसूत्रे बसविली, आणि लार्सन २००६ साली वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांवरील दातांनी त्यांस साथ दिली.

ही हकीकत मी वाचली आणि तिचा मला सोयीचा तेवढाच अर्थ घेतला. चाळीस वर्षे! म्हणजे माझी तर जन्माची ददात मिटली. धातूला कीड लागत नाही, त्याला ठणका नाही, मग त्याची काळजी ती काय करावयाची? दर सहा महिन्यांनी दाखवावयास या, असे दंतवैद्यांनी बजावले होते. पहिली खेप २०२० च्या टाळेबंदीत बुडाली, दुसरी आळसात बुडाली, आणि पुढे बुडालेल्या खेपा मोजणेही मी सोडून दिले.

२०२२ च्या पावसाळ्यात एके सकाळी दात घासताना डाव्या बाजूने रक्ताचा एक थेंब आला. दुखले काहीच नाही. दुखले असते तर मी त्याच दिवशी धावत गेलो असतो. ह्या रोगाचा सारा कपटीपणा त्याच्या न दुखण्यात आहे. थेंबाचे पुढे दोन थेंब झाले. तोंडाला एक नकोसा वास येऊ लागला. आणि मी तो प्रकार घरात कोणाला कळू नये म्हणून धडपडू लागलो. मुलीने हौसेने दिलेली वस्तू आपण तीन वर्षांत नासवली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगावे? निरनिराळ्या रंगांची गुळण्यांची औषधे मी आणली. सकाळी खोबरेल तेल तोंडात घोळविले. लवंग तर वडिलोपार्जितच होती. गुळण्यांनी वास थोडा वेळ दबे, आणि तेवढ्यावर मी रोग दबला असे मानी.

असे दीड वर्ष गेले. २०२४ च्या आरंभी एके दिवशी आमच्या सौभाग्यवती न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, लग्नाला चाळीस वर्षं झाली, तुम्ही कधी बेसिन धुतलं नाहीत. आता दोन वेळा धुता. काय लपवताय?" एवढ्या मुद्देसूद पुराव्यापुढे कोण टिकणार? मी सर्व कबूल केले. फक्त मुलीला कळवू नये एवढी अट घातली. ती अट मान्य झाली नाही. परंतु कळविण्याचे काम माझे मीच करावे, अशी मुदत मात्र मिळाली.

मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल, आणि तेथून २०१४ साली सुरू झालेली मेट्रो, असा अंधेरीचा रस्ता आता सोपा झाला आहे. त्या दिवशी मात्र तो मला फार लवकर संपला असे वाटले. हिरड्यांच्या रोगांची तज्ज्ञ म्हणून जिच्याकडे मला पाठविले होते ती डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. मी खुर्चीत बसताच हात जोडून म्हणालो, "डॉक्टर, काय करायचं ते करा, पण शस्त्र लावू नका." ती हसली आणि म्हणाली, "काका, आधी मोजू तर द्या."

आणि तिने खरोखरच मोजले. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई तिने प्रत्येक इम्प्लांटभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि कॅप ह्यांच्या फटीत हलकेच उतरविली, आणि प्रत्येक ठिकाणची खोली व रक्त येते की नाही ते लिहून घेतले. उजवीकडे खोली चार-पाच मिलिमीटर, रक्त मात्र जागोजागी. डावीकडे तीन ठिकाणी सात मिलिमीटर, आणि एका जागी दाबताच पू. मग तिने नवा एक्स-रे काढून २०१९ च्या एक्स-रेशेजारी धरला. उजवीकडील हाड होते तेथेच होते. डावीकडील सुमारे तीन मिलिमीटर खाली गेले होते. मळसूत्राचे वरचे आटे उघडे पडले होते.

"हे दोन वेगळे आजार आहेत," ती समजावून सांगू लागली. "उजवीकडे फक्त हिरडी सुजली आहे. नीट साफ केलं आणि तुम्ही साफ ठेवलं, तर शस्त्राशिवाय ती पूर्ववत होऊ शकते. डावीकडे जंतू हाडापर्यंत गेले आहेत. तिथे शस्त्राशिवाय सुरुवात करायची, पण तेवढ्यावर भागेल असं वचन मी देणार नाही. आटे उघडे पडले की खाचाखाचांत जंतू बसतात. हिरडी न उघडता तिथे हत्यार पुरतं पोचत नाही. आणि गेलेलं हाड बहुधा परत येत नाही."

मी विचारले, माझे इतर दात तर इतक्या हयगयीतही टिकले आहेत, मग ह्या धातूच्या दाढेचेच एवढे नखरे का? त्यावर तिने जे सांगितले ते मला आजन्म विसरता येणार नाही. नैसर्गिक दात हाडाला नुसता चिकटलेला नसतो. तो सूक्ष्म तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. हे तंतू दाताच्या मुळात आडवे विणलेले असल्यामुळे जंतूंची वाट काही काळ अडवून धरतात, आणि त्या झोळीतून रक्ताचा पुरवठाही होतो. इम्प्लांटभोवती ही झोळी नसते. हिरडीचे तंतू धातूला समांतर, नुसते खेटून उभे असतात, रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे एकदा सूज धरली की ती हाडाकडे झपाट्याने उतरते. "तुमचा स्वतःचा दात थोडं चालवून घेतो, काका," ती म्हणाली. "हा घेत नाही." मला एकदम चाळीतील मोरी दिसली, चिंचेचा कोळ दिसला, आणि परात घासणारी आई दिसली.

उजवीकडची कॅप काढली तेव्हा हिरडीखाली सिमेंटचा एक कण सापडला. कॅप बसविताना उरलेले सिमेंट तेथे राहून गेले होते, आकार मोहरीएवढा. असा कण खडबडीत असतो, त्यावर जंतूंचा थर बसतो, आणि कित्येकदा इम्प्लांटभोवतीच्या सुजेचे मूळ तेच असते, असे तिने सांगितले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! गुन्हेगार सापडला होता, आणि तो मी नव्हतो. पहिल्या दंतवैद्यांविषयी चार कडक वाक्ये मी तयार केली. ती ऐकून घेऊन डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "कण त्यांचा, काका. पण पाच वर्षं तुमची. पहिल्या सहा महिन्यांत दाखवायला गेला असतात तर तो तेव्हाच निघाला असता. आणि डावीकडे तर कणही नाही."

ह्यानंतर मी माझ्या खिशातील जाहिरातीचे कात्रण बाहेर काढले. 'टाका नाही, शस्त्र नाही, लेझरने एका बैठकीत' असे काहीसे त्यात होते. तिने ते न रागावता वाचले. युरोपातील हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२३ साली ह्या रोगाच्या उपचारांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही प्रारंभ शस्त्राशिवायच करावा असेच सांगितले आहे. परंतु तो प्रारंभ म्हणजे कसून साफसफाई आणि रोग्याची रोजची शिस्त. हाड झिजविणाऱ्या ह्या रोगात त्या साफसफाईला लेझरची जोड दिल्याने ठळकपणे अधिक गुण येतो असे सिद्ध झालेले नाही, आणि सरसकट प्रतिजैविकांच्या गोळ्या देणेही ह्या पायरीवर योग्य मानीत नाहीत. साफ केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजावयाचे. खोली पाच मिलिमीटरच्या आत आली, पू थांबला, रक्त फार तर एका ठिकाणी दिसले, तर शस्त्र टळले. नाही तर पुढची पायरी. "शस्त्र नको ही तुमची इच्छा आहे," ती म्हणाली, "उपचार नाही. उपचार करून बघू, मग इच्छेला विचारू."

साफसफाईस दोन बैठका लागल्या. हिरडी बधिर करून, धातूवर ओरखडे उठू नयेत म्हणून खास टोकांच्या हत्यारांनी तिने कीटण काढले, मग पाण्याबरोबर अतिशय बारीक भुकटीचा फवारा मारून उरलेला चिकट थर धुऊन टाकला. मला वेदना झाल्या नाहीत; पण त्या शांत खोलीत, धातूवरून काहीतरी खरवडले जात असताना, आपली आळसाची वर्षेच कोणी खरवडून काढीत आहे असे वाटत होते.

दुसरा अर्धा उपचार माझ्या हाती होता. बाटली धुण्याच्या ब्रशाची इवली प्रतिकृती असावी असा एक ब्रश तिने दिला आणि आरशात दाखवून तो इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी फिरविण्याचा माझ्याकडून सराव करून घेतला. मला मधुमेह आहे. साखर आटोक्यात नसली तर हिरडी जंतूंपुढे लवकर शरण जाते. तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.४ वरून खाली आणण्याचेही फर्मान निघाले. पुढील तपासणीत तो ७.१ झाला, हे मी किंचित अभिमानाने नमूद करतो.

राहिला तो फोन. त्याच रात्री तो केला. सुरुवात अर्थातच सिमेंटच्या कणापासून केली, पण शेवटी सर्व सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बाबा, दातांचं मला काही नाही. दात तुम्हाला दिले होते, ते तुमचे झाले. पण दीड वर्ष तुम्हाला त्रास होत होता आणि मी दर रविवारी विचारत होते, 'बरे आहात ना?' तुम्ही दर रविवारी 'हो' म्हणालात." ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या वडिलांना वाटे, आपण एकटे जेवतो ते कोणाच्या लक्षात येत नाही. मीही त्यांचाच मुलगा; पंगतीतून उठू नये म्हणून दात बसविले आणि दीड वर्ष घरातच, सर्वांसमक्ष बसून, मनाने उठून गेलो होतो.

आठ आठवड्यांनी पुन्हा सळई उतरली. उजवीकडे एकाही ठिकाणी रक्त नाही; हिरडी फिकट गुलाबी व घट्ट. डावीकडे तीन खोल जागांपैकी दोन पाच मिलिमीटरांवर आल्या होत्या. तिसऱ्या जागी मात्र सळई पूर्वीइतकीच खोल गेली आणि वर येताना लाल होऊन आली. डॉक्टरिणीने आकडा मोठ्याने वाचला, आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे शस्त्र," मी म्हणालो.

"हो, काका. तेवढ्या जागी हिरडी उघडून आटे डोळ्यांनी बघत साफ करावे लागतील."

"मग हे आठ आठवडे फुकट गेले म्हणायचे?"

"फुकट कसे? उजवी दाढ वाचली. डावीकडची सूज ओसरली, हिरडी घट्ट झाली, त्यामुळे काम सोपं होईल. आणि मुख्य म्हणजे तुमचा हात बसला. त्याशिवाय मी कितीही चिरून धुतलं असतं, तरी काही महिन्यांत परत हेच झालं असतं. शस्त्रानंतरही हाच ब्रश आहे."

मला स्वतःचेच नवल वाटले. दोन महिन्यांपूर्वी ज्या शब्दाने मला दरदरून घाम फुटला असता, तो शब्द आता तारखेच्या वहीत लिहिण्याजोगा एक साधा शब्द झाला होता. शस्त्राशिवाय बरे होण्याची माझी आशा अर्धी फळली, अर्धी फळली नाही. परंतु भीती मात्र पुरती गेली. कारण जे काही होणार ते आता लपविण्यासारखे राहिले नव्हते. २०२४ च्या मे महिन्यात ती लहानशी शस्त्रक्रिया झाली. मुलगी पुण्याहून आली होती. डावी दाढ अजून जागेवर आहे. ती चाळीस वर्षे टिकेल की चार, हे डॉक्टरीण सांगत नाही आणि मीही विचारीत नाही. दर तीन महिन्यांची खेप मात्र मी चुकवीत नाही.

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीस पुतण्याच्या मुलाचे लग्न झाले. आग्रहाने पंगत मांडली होती. मी बसलो, दोन्ही बाजूंनी चावून जेवलो, आणि जिलबीच्या फेरीला शेजाऱ्याशी हसून बोललोही. मात्र बोलताना एकदा नकळत माझा हात खिशातील रुमालाकडे गेला, तो कोणाच्या लक्षात आला नसावा.

रात्री घरी यावयास साडेअकरा झाले. अंग मोडून आले होते, आणि आजचा दिवस ब्रशाला सुट्टी द्यावी असा विचार मनात डोकावलाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून सौभाग्यवतींचा आवाज आला. आईचा तो नियम मी तिला कधीतरी सांगितला होता, तो तिने बरोबर लक्षात ठेवला आहे.

"अहो," ती म्हणाली, "परात घासली का?"